पुसण्यापूर्वी वाचावे : हमरस्त्यावरच्या भिंती आणि सोलापूरचा एक शिलालेख

थ्रेड

१/ सोलापूरच्या दक्षिणेस भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. त्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे, संगमेश्वराचे प्राचीन मंदिर उभे आहे. मंदिराच्या दगडी तुळईवर शके ९४० चा, म्हणजे साधारण इ.स. १०१८ चा एक छोटा लेख कोरलेला आहे. लेखाच्या अखेरीस मराठीत एक वाक्य येते. त्याचा आशय असा : जो हे वाचील, तो विजयी होवो.

२/ काळाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या अतिप्राचीन मराठी लेखांत याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. भाषेच्या इतिहासात त्याचे मोल किती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या अखेरच्या वाक्याचे एक साधे वैशिष्ट्य मात्र सहसा नजरेतून निसटते. ते वाक्य अनोळखी वाचकाला उद्देशून आहे. लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची भेट होणार नाही, हे गृहीत धरूनच ते दगडावर उतरले.

३/ आता त्याच जिल्ह्यातले दुसरे दृश्य पाहावे. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापुरातून जातो. विजयपूर आणि धुळ्याकडे जाणारा महामार्ग ५२ येथेच त्याला मिळतो. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट या क्षेत्रांचे यात्रेकरू याच वाटांनी येतात. या रस्त्यांवरचे ढाबे, पेट्रोल पंप आणि बसस्थानके यांतील स्वच्छतागृहांच्या भिंतींवरही अनोळखी माणसे अनोळखी वाचकांसाठी काही लिहून जातात.

४/ बाण मारलेले बदाम, दोन नावांच्या मधली अधिकची खूण, गावाचे नाव, शिव्या, जातीवाचक मजकूर, एखाद्या पुढाऱ्याची टवाळी, मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात आणि मोबाइल क्रमांक. हा मजकूर कुणी वाचतो तेव्हा नाक मुरडतो. कुणी चुन्याचा हात फिरवतो. इतिहासाचा अभ्यासक बहुधा तिकडे पाहतच नाही. या थ्रेडचे प्रतिपादन असे : हा मजकूर पुसायलाच हवा, परंतु पुसण्यापूर्वी तो वाचला आणि नोंदवला पाहिजे. त्यातला एक भाग मात्र वाट न पाहता तत्काळ पुसला पाहिजे. कोणता, ते पुढे येईल.

५/ प्रथम, ही कल्पना हास्यास्पद वाटणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एक उदाहरण. १९२८ च्या उन्हाळ्यात ॲलन वॉकर रीड नावाचा २२ वर्षांचा भाषाभ्यासक पश्चिम अमेरिका आणि कॅनडा यांच्या प्रवासाला निघाला. मोटारगाडी तेव्हा नुकतीच सामान्य माणसाच्या आवाक्यात आली होती आणि रस्त्यांच्या कडेला प्रवाशांसाठी मुक्कामाची मैदाने व सार्वजनिक शौचालये उभी राहत होती. रीडने त्या शौचालयांच्या भिंतींवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला. कोठे आणि केव्हा, तेही टिपले.

६/ १९३५ मध्ये त्याने त्या सामग्रीवर आधारलेला शब्दकोश सिद्ध केला. असले शब्द अमेरिकेत छापणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. म्हणून पुस्तक पॅरिसमध्ये खासगीरीत्या छापले गेले, तेही अवघ्या ७५ प्रतींत. भाषाशास्त्र, लोकसाहित्य, मानसशास्त्र अशा विषयांच्या अभ्यासकांपुरतेच त्याचे वितरण मर्यादित असल्याची सूचना मुखपृष्ठावर होती. पुढे १९७७ मध्ये ते अमेरिकेत पुन्हा छापले गेले.

७/ रीडने आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात या लेखनाला जे नाव दिले, त्याचे मराठी 'लोक-अभिलेख' असे करता येईल. शिलालेखांच्या अभ्यासासाठी जो शास्त्रीय शब्द आहे, तोच त्याने शौचालयाच्या भिंतीसाठी वापरला. हा विनोद नव्हता. ती पद्धतीची घोषणा होती. स्थळ नोंदवा, काळ नोंदवा, पाठ अचूक उतरवा, अर्थ नंतर लावा. शिलालेखाचा ठसा घेताना अभ्यासक हेच करतो.

८/ १९६६ मध्ये अमेरिकन लोकसाहित्यशास्त्रज्ञ ॲलन डंडेस यांनी या लेखनप्रकाराला 'लॅट्रिनेलिया' असे स्वतंत्र नाव दिले. तेव्हापासून तो लोकसाहित्याचा एक मान्य विभाग आहे. म्हणी, उखाणे, जात्यावरची ओवी यांच्याप्रमाणेच येथेही कर्ता अज्ञात असतो, मजकूर हस्ते-परहस्ते पसरतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा बदलतो. फरक एवढाच, की तो तोंडी न राहता लिहिला जातो आणि थोड्याच दिवसांत नष्ट होतो.

९/ या रीडचा सोलापूरच्या रस्त्याशी एक अनपेक्षित संबंध आहे. 'ओके' या शब्दाचा उगम त्यानेच १९६० च्या दशकात पुराव्यानिशी शोधून काढला. 'सर्व बरोबर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्यांची आद्याक्षरे लिहिण्याची एक थट्टा बॉस्टनच्या वृत्तपत्रांत चालू होती. २३ मार्च १८३९ रोजी ती 'ओके' या रूपात छापली गेली आणि पुढे साऱ्या जगात पसरली.

१०/ तोच शब्द आज महामार्ग ६५ वरून धावणाऱ्या ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' या रूपात दिसतो. त्या तीन शब्दांच्या मध्ये 'ओके' का आले, याच्या अनेक कथा सांगितल्या जातात. एकीलाही खात्रीचा आधार नाही. कारण ते प्रथम कोठे, केव्हा, कोणी रंगवले, हे त्या वेळी कोणालाच नोंदवावेसे वाटले नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी हा मजकूर वाहनांवर लिहिण्यास मनाई केली. त्यामुळे अनावश्यक हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते, असे कारण दिले गेले. मनाईची तारीख कागदावर आहे. जन्माची कोठेच नाही.

११/ रस्त्यावरच्या लेखनाचे हेच होते. बंदीचा आदेश जपला जातो, ज्यावर बंदी आली तो मजकूर जपला जात नाही. अमेरिकेतील एका थट्टेचा उगम १२० वर्षांनंतर सापडू शकला, कारण ती छापील कागदावर होती. ट्रकच्या फळीवरचा आणि भिंतीवरचा मजकूर तेवढा काळ टिकत नाही. त्याची नोंद त्याच पिढीत व्हावी लागते.

१२/ येथे एक आक्षेप येतो. शिलालेख म्हणजे दान, धर्म, राजाज्ञा. शौचालयातला मजकूर म्हणजे अश्लीलता. दोहोंची तुलना करणे हा शिलालेखांचा अपमान नव्हे काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी मराठीच्या प्राचीन शिलालेखांकडेच पुन्हा एकदा पाहावे.

१३/ मुंबईत परळ येथे सापडलेला शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा शके ११०८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. दानाचा तपशील दिल्यानंतर अखेरीस, हे शासन मोडणाऱ्यासाठी तेथे मराठीत एक शिवी कोरलेली आहे. ती मोडणाऱ्याच्या आईवर आहे आणि तिच्यात गाढव येते. आज ती कोणत्याही वृत्तपत्रात छापता येणार नाही. शिलाहार आणि यादव काळातील अशा अनेक दगडांवर तो प्रसंग चित्ररूपानेही कोरलेला आढळतो. अभ्यासक त्यांना 'गधेगाळ' म्हणतात.

१४/ म्हणजे सार्वजनिक दगडावर अश्लील मजकूर लिहिण्याची परंपरा महाराष्ट्रात राजसत्तेनेच चालवली होती. तिचा हेतू व्यवहारी होता. दान दिलेली जमीन कोणी बळकावू नये, म्हणून वाचता न येणाऱ्यालाही धाक बसेल असे चित्र शेताच्या बांधावर उभे केले जाई. या दगडांना पूर्वीच्या काही पिढ्यांनी लज्जेपोटी दूर सारले असते, तर मध्ययुगीन महसूल, दानव्यवस्था आणि बोलीभाषा यांचा केवढा पुरावा हरवला असता!

१५/ या दगडांतून आणखी एक गोष्ट दिसते आणि ती सुखाची नाही. करार मोडणारा पुरुष. शिक्षा मात्र शब्दांत आणि चित्रात त्याच्या आईच्या देहाला. आठशे वर्षांनंतर बसस्थानकाच्या भिंतीवर माणूस आपला राग त्याच पद्धतीने काढतो. तेथेही भांडण दोन पुरुषांचे असते आणि शिवी एका स्त्रीच्या नावे असते. भाषेतील ही हिंसा किती जुनी आणि किती चिवट आहे, हे सिद्ध करण्यासाठी दोन्ही टोकांचा पुरावा लागतो. जुन्या टोकाचा पुरावा संग्रहालयात आहे. नव्या टोकाचा आपण दरवर्षी रंगवून टाकतो.

१६/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो तरुण दुर्गप्रेमींकडून येतो. किल्ल्यांच्या तटांवर, लेण्यांच्या खांबांवर नावे कोरणाऱ्यांविरुद्ध त्यांनी आपले रविवार खर्च केले आहेत. हातात ब्रश घेऊन बुरुज स्वच्छ केले आहेत. भिंतीवरच्या लेखनाला 'इतिहासाचे साधन' म्हणून गौरवले, तर उद्या प्रत्येक विद्रूपकर्ता तोच युक्तिवाद करणार नाही काय?

१७/ या प्रश्नाला पळवाट काढून उत्तर देता येत नाही, कारण इतिहासप्रेमींच्या आवडीत येथे एक विसंगती आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख रंगवलेल्या खांबावर खरवडली. लेण्यात तेव्हा मातीचा उंच थर साचला होता. त्यावर उभे राहून त्याने हे केले, म्हणून ते नाव आज माणसाच्या डोक्याहून वर दिसते. त्या खरवडीने प्राचीन चित्राला इजा झाली. तरीही मार्गदर्शक ती कौतुकाने दाखवतात, कारण अजिंठ्याच्या 'शोधा'ची तारीख तिच्यामुळे पक्की होते.

१८/ त्याहून जुने उदाहरण मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांचे आहे. तेथील एका बौद्ध लेण्याच्या दगडावर पहलवी लिपीत काही लेख आहेत. ते इ.स. १००९ आणि १०२१ या वर्षांतील असून तेथे येऊन गेलेल्या झरथुष्ट्री प्रवाशांचे आहेत. आपली नावे, वडिलांची नावे आणि दिवस-महिन्यासह तारीख. 'आम्ही येथे येऊन गेलो' याहून वेगळा त्यांचा हेतू दिसत नाही. हत्तरसंग कुडलचा लेख याच दोन वर्षांच्या मधला आहे.

१९/ पश्चिम भारतातील झरथुष्ट्री वस्तीच्या आरंभीच्या इतिहासासाठी हे लेख अमोल मानले जातात. परंतु आजच्या कायद्याच्या दृष्टीने त्या प्रवाशांनी जे केले तो गुन्हाच ठरला असता. प्राचीन स्मारकविषयक १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सोलापूरचा भुईकोट किल्लाही याच संरक्षणाखाली आहे.

२०/ हजार वर्षांपूर्वीच्या नावाला 'अभिलेख' म्हणायचे आणि गेल्या वर्षीच्या नावाला 'विद्रूपीकरण' म्हणायचे, तर कसोटी फक्त वयाची उरते. ही कसोटी टिकत नाही. कारण तिच्या न्यायाने आजचा प्रत्येक विद्रूपकर्ता केवळ हजार वर्षे वाट पाहणारा इतिहासकार ठरतो. वयाऐवजी दोन प्रश्न विचारणे योग्य. पहिला : या लेखनाने खाली असलेले काही नष्ट झाले काय? दुसरा : या लेखनाने कोणा जिवंत माणसाला इजा होते काय?

२१/ पहिल्या प्रश्नाला स्मारकावरचे प्रत्येक लेखन नापास होते. तटाचा दगड, चुन्याचा गिलावा, लेण्यातले रंग ही परत न मिळणारी वस्तू आहे. म्हणून जॉन स्मिथची तारीख कितीही उपयोगी असली तरी त्याचे कृत्य निंद्यच राहते, आणि किल्ल्यावर नाव कोरणाऱ्याला कोणतीही सबब उरत नाही. पुरावा उपयोगी असणे आणि कृत्य क्षम्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुनाच्या जागी सापडलेला सुरा पुराव्यात जपून ठेवतात. त्याने खून निर्दोष ठरत नाही.

२२/ महामार्गावरच्या स्वच्छतागृहाची भिंत पहिल्या प्रश्नातून सुटते. तिच्या चुन्याखाली कोणतेही पुरातन चित्र नाही. तेथे दुसरा प्रश्न लागू होतो, आणि तो अतिशय कठोरपणे लावला पाहिजे. कारण या भिंतीवरचा सर्वांत घातक मजकूर अश्लील चित्र किंवा शिवी हा नसतो. एखाद्या स्त्रीचे खरे नाव आणि तिचा खरा मोबाइल क्रमांक, हा तो मजकूर होय.

२३/ ज्या स्त्रीने ती भिंत कधी पाहिलेली नसते, पुरुषांच्या स्वच्छतागृहात जी जाऊही शकत नाही, तिला रात्री-अपरात्री अनोळखी पुरुषांचे फोन येऊ लागतात. लिहिणारा बहुधा तिच्या ओळखीचाच असतो. बंगळुरूच्या मुख्य बसस्थानकातील पुरुषांच्या स्वच्छतागृहात एका विवाहितेचा क्रमांक बदनामीकारक मजकुरासह लिहिल्याच्या प्रकरणात, आरोपीवरील फौजदारी कारवाई रद्द करण्यास कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नकार दिला. स्त्रीच्या विनयाचा अवमान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. भिंत आडोशाची असली तरी कायदा तिच्या बाहेर थांबत नाही.

२४/ म्हणून वर म्हटलेला 'तत्काळ पुसण्याचा' भाग हा आहे : कोणत्याही जिवंत व्यक्तीचे नाव, क्रमांक, पत्ता किंवा ओळख पटेल असा उल्लेख. इतिहासाच्या नावाखाली तो उतरवून घेणेही अयोग्य. अभ्यासकाच्या वहीत 'येथे एका स्त्रीचे नाव व क्रमांक होता. पुसला' एवढी नोंद पुरे. भावी इतिहासकाराला प्रकार कळला पाहिजे. व्यक्ती कळण्याची काहीही गरज नाही.

२५/ हा भाग वगळल्यावर उरते ते काय? उरते ती बोली. इटलीतील पॉम्पेई हे नगर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्याच्या भिंतींवर ११,००० हून अधिक लेख सापडले आहेत : प्रेमाचे निरोप, निवडणुकीचे आवाहन, उधारीचे हिशेब, शिव्या. एवढ्या लोकांचे कंटाळवाणे लेखन अंगावर वागवूनही ही भिंत कोसळली कशी नाही, असे आश्चर्यही एकाने भिंतीवरच लिहून ठेवले आहे. सामान्य रोमन माणूस लॅटिन कसे उच्चारी, हे भाषाशास्त्रज्ञांना बऱ्याच अंशी या भिंतींवरच्या 'चुकां'वरून कळले. सिसेरोच्या शुद्ध ग्रंथांतून ते कळू शकत नव्हते.

२६/ सोलापूरसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत बोलणारे शहर आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथील हातमाग आणि यंत्रमाग उभे केले. कर्नाटकाची सीमा जवळ आहे. जिल्ह्यातील प्राचीन शिलालेखांतही कन्नडचे प्रमाण मोठे आहे. आनंद कुंभार यांनी श्रीनिवास रित्ती यांच्यासमवेत ते अभ्यासले. एका भाषेचे वाक्य दुसऱ्या भाषेच्या लिपीत, क्रियापद तिसऱ्या भाषेचे, अशी सोलापुरी मिसळ बाजारात रोज ऐकू येते. ती पाठ्यपुस्तकात नसते आणि सरकारी कागदावरही नसते. जेथे कोणी शुद्धलेखन तपासत नाही, अशाच ठिकाणी ती लिहिली जाते.

२७/ मराठीत अशा साधनांची हेळसांड नेहमीच झाली, असेही नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाड्यांच्या माळ्यावरचे, रद्दीत निघालेले कागद गोळा करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड सिद्ध केले. गी पॉयटवँ आणि हेमा राइरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. गिरण्यांच्या चक्कीने जाते थांबले, तेव्हा त्या ओव्याही थांबल्या. संग्रह वेळेवर झाला नसता, तर अशिक्षित मराठी स्त्रीचा तो स्वर कायमचा गेला असता.

२८/ येथेही वेळ थोडी आहे. स्वच्छतागृहांच्या भिंतींना आता गुळगुळीत फरशा लागत आहेत. त्यांवर कोळसा चालत नाही, पेन्सिल उमटत नाही. महामार्ग रुंद होताना जुने ढाबे मोडले जात आहेत. आणि ज्याला अनामिक राहून काही लिहायचे आहे, त्याच्या खिशात मोबाइल आहे. भिंतीवरची शिवी खोट्या नावाच्या खात्याकडे निघून गेली आहे. अनामिक लेखनाचा एक जुना प्रकार या पिढीच्या डोळ्यांसमोर संपतो आहे. फरशा आल्या याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. स्वच्छ स्वच्छतागृह ही, विशेषतः प्रवासातल्या स्त्रियांसाठी, कोणत्याही अभिलेखाहून मोठी गरज आहे.

२९/ मग करावे काय? एक साधी पद्धत सुचवता येते. प्रथम, कॅमेरा नको. स्वच्छतागृहात मोबाइल उगारलेला माणूस ही स्वतःच एक दहशत आहे. रीडप्रमाणे वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. दुसरे, व्यवस्थापकाची परवानगी, जागा रिकामी असतानाची वेळ, आणि स्त्रियांच्या भागात केवळ स्त्रियांनीच नोंद करणे. तिसरे, स्थळ, तारीख, लिपी, भाषा, साधन (कोळसा, पेन, किल्लीची खरवड) आणि पाठ जसाच्या तसा, चुकांसह.

३०/ चौथे, संवादाची नोंद. एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याने दिलेले उत्तर, तिसऱ्याने मारलेली काट, चौथ्याने केलेली दुरुस्ती, हा क्रम बहुधा सर्वांत बोलका असतो. जातीवाचक शिवीखाली कोणी विरोध नोंदवला आहे काय, हे पाहावे. शिवीइतकाच तो विरोधही पुरावा आहे. पाचवे, नाव आणि क्रमांक यांची नोंद नाही. सहावे आणि अखेरचे : नोंद पूर्ण झाल्यावर रंगाचा डबा आणून तीच भिंत स्वच्छ करणे. जो नोंद करील त्यानेच रंगवावे. त्याने कुतूहलाची किंमत चुकती होते.

३१/ यावर 'याहून महत्त्वाची कामे नाहीत काय?' असे विचारले जाईल. आहेत. मोडी कागदपत्रे वाचकांची वाट पाहत आहेत, वीरगळ उघड्यावर झिजत आहेत, किल्ले ढासळत आहेत. त्या कामांतला माणूस काढून येथे लावावा, असे कोणी म्हणत नाही. परंतु त्या कामांना किमान प्रतिष्ठा आहे, संस्था आहेत, अभिमान आहे. या भिंतीला कोणीच नाही. आणि इतिहासाच्या साधनांत जे लज्जास्पद म्हणून टाकले जाते, त्यातच पुष्कळदा सामान्य माणसाचा एकमेव हस्ताक्षर-पुरावा असतो.

३२/ रात्रभर गाडी हाकणारा चालक, हंगामासाठी गाव सोडून निघालेला ऊसतोड मजूर, पहिल्यांदा शहरात निघालेला विद्यार्थी, यांची चरित्रे कोणी लिहिणार नाही. त्यांच्यातला कोणी दगडावर दानलेख कोरणार नाही. त्यांनी स्वेच्छेने, कोणी न सांगता, सार्वजनिक जागी लिहिलेली अक्षरे बहुधा एवढीच असतात. त्यांत द्वेष असेल तर तोही कळला पाहिजे, एकटेपणा असेल तर तोही. समाजाने आपल्याविषयी फक्त सभ्य कागद मागे ठेवले, तर पुढील पिढ्यांना त्याच्या सभ्यतेविषयी खोटी माहिती मिळेल.

३३/ हत्तरसंग कुडलच्या लेखकाने वाचणाऱ्याला विजयाचा आशीर्वाद दिला. परळच्या लेखाने मोडणाऱ्याला शिवी दिली. मराठी अक्षरे सार्वजनिक जागी आली ती या दोन्ही रूपांत. संशोधकांनी दोन्ही वाचली, म्हणून आज मराठीचा प्राचीन इतिहास एवढा समृद्ध आहे. आजच्या भिंतीलाही तेवढेच मिळावे : जिवंत माणसाला दुखावणारे तत्काळ पुसावे, उरलेले एकदा लक्षपूर्वक वाचावे, उतरवावे आणि मग रंग द्यावा. किल्ल्याच्या भिंतीवर मात्र एक अक्षरही लिहू नये.

(थ्रेड समाप्त)